पुलावरचे नाव : इझाम्बार्ड किंगडम ब्रुनेल

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडमध्ये जमिनीवरून प्रवास करणाऱ्या माणसाचा वेग घोड्याच्या वेगाहून अधिक नव्हता. समुद्रावर तो वाऱ्याच्या मर्जीवर अवलंबून होता. पुढच्या पन्नास-साठ वर्षांत हे चित्र पार पालटले. डोंगरांतून बोगदे निघाले, नद्यांवर लोखंडी पूल उभे राहिले आणि वाफेच्या बळावर आगगाड्या व जहाजे धावू लागली. हा पालट घडवून आणणाऱ्या अभियंत्यांमध्ये इझाम्बार्ड किंगडम ब्रुनेल यांचे नाव अग्रभागी घेतले जाते. त्यांनी उभारलेल्या अनेक गोष्टी काळाच्या ओघात नाहीशा झाल्या, तर काही आजही वापरात आहेत. टेमर नदीवरील लोखंडी पूल हे अशा टिकून राहिलेल्या कामांचे ठळक उदाहरण आहे. तो कसा उभा राहिला आणि दीडशेहून अधिक वर्षे कसा टिकला, हे ब्रुनेल यांच्या चरित्राबरोबरच समजून घ्यावे लागते.

बालपण आणि शिक्षण

ब्रुनेल यांचा जन्म ९ एप्रिल १८०६ रोजी इंग्लंडमधील पोर्ट्‌स्मथ या बंदराच्या गावी झाला. त्यांचे वडील मार्क ब्रुनेल हे मूळचे फ्रान्सचे. फ्रान्समधील राज्यक्रांतीच्या धामधुमीत त्यांना मायदेश सोडावा लागला. काही वर्षे अमेरिकेत काढून ते इंग्लंडमध्ये स्थायिक झाले. जहाजांना लागणाऱ्या लाकडी कप्प्या तयार करणारी यंत्रे त्यांनी आरमारासाठी बनवून दिली होती. आई सोफिया यांचे माहेरचे आडनाव किंगडम. तेच मुलाच्या नावात जोडले गेले.

मार्क ब्रुनेल कुशल अभियंते होते, परंतु व्यवहारात ते कच्चे ठरले. मुलाने चित्रकला व भूमिती यांत पारंगत व्हावे म्हणून त्यांनी लहानपणापासून त्याच्याकडून आकृत्या काढून घेतल्या. पुढील शिक्षणासाठी इझाम्बार्डला फ्रान्समध्ये पाठवण्यात आले. तेथे ब्रेगे या विख्यात घड्याळ्याच्या कारखान्यात त्याने उमेदवारी केली. घड्याळाच्या कामात केसाएवढी चूकही चालत नाही. काटेकोर मोजमापाची सवय त्याला तेथेच लागली. याच काळात, १८२१ साली, कर्ज फेडता न आल्यामुळे वडिलांना काही महिने तुरुंगात राहावे लागले. सरकारने त्यांचे ऋण फेडले, तेव्हा त्यांची सुटका झाली. घराण्यावर आलेल्या या प्रसंगाची जाणीव मुलाला होती. पुढे त्याने जे अपार कष्ट केले, त्यामागे कदाचित ही जाणीवही असावी.

नदीखालचा बोगदा

१८२२ साली इझाम्बार्ड इंग्लंडला परतले आणि वडिलांच्या हाताखाली काम करू लागले. १८२५ मध्ये मार्क ब्रुनेल यांनी लंडनच्या थेम्स नदीच्या पात्राखालून बोगदा खणण्यास प्रारंभ केला. नौका चालणाऱ्या नदीच्या तळाखालून असा बोगदा जगात त्यापूर्वी कोणीही पूर्ण केलेला नव्हता. मजुरांच्या रक्षणासाठी मार्क यांनी लोखंडी कप्प्यांची एक प्रचंड चौकट तयार केली होती. प्रत्येक कप्प्यात उभा राहून मजूर समोरची माती खणत असे. चौकट थोडी पुढे सरकली की मागे विटांचे बांधकाम केले जाई.

वडिलांची प्रकृती ढासळल्यावर विशीतील इझाम्बार्ड यांच्यावर या कामाची प्रत्यक्ष देखरेख आली. बोगद्यातील हवा दूषित होती. वरून गळणारे पाणी घाण होते. १८२७ साली नदीचे पाणी पहिल्यांदा आत घुसले. १२ जानेवारी १८२८ रोजी ते पुन्हा घुसले, तेव्हा सहा मजूर मृत्युमुखी पडले आणि इझाम्बार्ड स्वतः गंभीर जखमी झाले. काम कित्येक वर्षे बंद पडले. पुढे ते पुन्हा सुरू होऊन १८४३ मध्ये बोगदा खुला झाला. आजही लंडनच्या आगगाड्या त्यातून जातात. पाणी, चिखल आणि माणसाचा जीव यांची किंमत न ओळखता पाया घालता येत नाही, हा धडा इझाम्बार्ड यांना तरुण वयातच मिळाला. पंचवीस वर्षांनंतर टेमर नदीच्या तळाशी तो त्यांच्या उपयोगी पडणार होता.

रेल्वेची उभारणी

प्रकृती सुधारण्यासाठी ते काही काळ ब्रिस्टल शहराजवळच्या क्लिफ्टन येथे राहिले. तेथे एव्हन नदीच्या खोल दरीवर पूल बांधण्यासाठी स्पर्धा जाहीर झाली होती. साखळ्यांवर झुलणाऱ्या पुलाचा त्यांचा आराखडा १८३१ साली स्वीकारला गेला. परंतु पैशाअभावी ते काम रखडले आणि अखेर १८४३ मध्ये थांबले. दरीच्या दोन्ही काठांवर नुसते बुरूज उभे राहिले.

ब्रिस्टलमधील या ओळखीतूनच १८३३ मध्ये लंडन ते ब्रिस्टल या नियोजित लोहमार्गाचे अभियंतेपद त्यांच्याकडे आले. त्या वेळी ते केवळ सत्तावीस वर्षांचे होते. घोड्यावर बसून त्यांनी संपूर्ण मार्गाची पाहणी केली. दिवसाचे अठरा-वीस तास ते काम करीत. चढ-उतार शक्य तितके कमी ठेवण्याकडे त्यांचा कटाक्ष होता. मेडनहेड येथे थेम्स नदीवर त्यांनी विटांच्या दोन अतिशय पसरट कमानी बांधल्या. प्रत्येक कमानीचा गाळा सुमारे ३९ मीटर होता. एवढ्या पसरट कमानी कोसळतील, असे भाकीत अनेकांनी केले होते. त्या कोसळल्या नाहीत. उलट, त्या वेळेपेक्षा कितीतरी जड गाड्यांचा भार त्या आजही पेलत आहेत. बॉक्स येथील टेकडीतून सुमारे तीन किलोमीटर लांबीचा बोगदा खोदावा लागला आणि त्यात अनेक मजुरांचे प्राण गेले. १८४१ मध्ये लंडन ते ब्रिस्टल हा मार्ग पूर्ण झाला.

या मार्गावर ब्रुनेल यांनी दोन रुळांमधील अंतर सुमारे २.१४ मीटर ठेवले होते. इंग्लंडमधील इतर बहुतेक मार्गांवर ते १.४३५ मीटर होते. रुंद मार्गामुळे गाडी अधिक स्थिर व वेगवान होते, हे त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. मात्र दोन प्रकारचे मार्ग जेथे मिळत, तेथे सर्व माल एका गाडीतून उतरवून दुसऱ्या गाडीत चढवावा लागे. १८४६ च्या कायद्याने अरुंद मापाला मान्यता मिळाली आणि १८९२ मध्ये ब्रुनेल यांचा रुंद मार्ग कायमचा संपुष्टात आला. याच वादानंतर काही वर्षांनी भारतात आगगाडी सुरू झाली. १८५३ मध्ये मुंबई ते ठाणे धावलेल्या गाडीसाठी १.६७६ मीटरचे माप स्वीकारण्यात आले. ते इंग्लंडच्या प्रचलित मापाहून रुंद, पण ब्रुनेल यांच्या मापाहून अरुंद होते.

आणखी एका प्रयोगात त्यांना सपशेल अपयश आले. दक्षिण डेव्हनमधील मार्गावर त्यांनी इंजिनाऐवजी हवेच्या दाबाने गाड्या चालवण्याची योजना केली. रुळांमधील नळीतून हवा काढून घेतली की गाडीला जोडलेला दट्ट्या पुढे ओढला जाई. परंतु नळीच्या फटीवरील चामड्याची झडप हवाबंद राहीना. १८४८ मध्ये ही योजना सोडून द्यावी लागली आणि भागधारकांचे मोठे नुकसान झाले. कल्पना उत्तम असली तरी तिचा एखादा लहानसा भाग रोजच्या वापरात टिकत नसेल, तर सारी रचनाच निकामी होते, हे या प्रसंगाने दाखवून दिले.

टेमर नदीचे आव्हान

इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला कॉर्नवॉल हा परगणा आहे. शेजारच्या डेव्हन परगण्यापासून टेमर नदी त्याला वेगळे करते. कॉर्नवॉलपर्यंत लोहमार्ग न्यायचा तर सॉल्टॅश या गावाजवळ ही नदी ओलांडणे भाग होते. तेथे पात्र सुमारे ३३५ मीटर रुंद आणि खोल होते. तळाशी चिखलाचा जाड थर होता आणि त्याखाली खडक होता. त्यातच आरमाराची अट होती. उंच शिडांची जहाजे जाता यावीत म्हणून भरतीच्या वेळीही पाण्यापासून पुलापर्यंत सुमारे ३० मीटर मोकळी जागा हवी होती, आणि पात्रात खांबही शक्य तितके कमी हवे होते.

पूल कशाचा बांधावा, हाही प्रश्न होता. बिडाचे लोखंड दाब चांगला सोसते, परंतु ताण पडला की एकाएकी तुटते. १८४७ मध्ये चेस्टरजवळ डी नदीवरील बिडाच्या तुळयांचा पूल मोडून आगगाडी नदीत कोसळली होती आणि पाच जणांचा मृत्यू झाला होता. तो पूल ब्रुनेल यांचे मित्र व प्रतिस्पर्धी रॉबर्ट स्टीफन्सन यांनी बांधलेला होता. या दुर्घटनेनंतर अभियंत्यांचा ओढा घडीव लोखंडाकडे वाढला. घडीव लोखंड ताण सहन करते आणि तुटण्यापूर्वी वाकून इशारा देते. ब्रुनेल यांनी टेमरवरील मुख्य गाळ्यांसाठी तेच निवडले.

त्यांनी योजलेली रचना समजून घेण्यासाठी घराच्या छपराची कैची डोळ्यांसमोर आणावी. त्रिकोणांत जोडलेल्या तुळयांमुळे कमी साहित्यात मोठा भार पेलता येतो. पुलासाठीही अशा कैच्या वापरतात. ब्रुनेल यांच्या कैचीचा आकार मात्र वेगळा होता. वरच्या बाजूला घडीव लोखंडाची एक प्रचंड नळी कमानीसारखी वर वाकलेली होती. ती सुमारे ५.१ मीटर रुंद व ३.७ मीटर उंच होती. खालच्या बाजूला लोखंडी पट्ट्यांच्या साखळ्या झोळीसारख्या खाली झुकलेल्या होत्या. नळी आणि साखळ्या उभ्या व तिरप्या दांड्यांनी जोडलेल्या होत्या, आणि लोहमार्ग त्यांना खाली टांगलेला होता. बाजूने पाहिले असता हा आकार एखाद्या भिंगासारखा दिसतो.

या आकारात एक साधे तत्त्व आहे. कमानीवर भार आला की तिची टोके बाहेरच्या बाजूला रेटा देतात. झुलत्या साखळीवर भार आला की तिची टोके आतल्या बाजूला ओढली जातात. दोन्ही एकाच ठिकाणी जोडल्या तर एकीचा रेटा दुसरीच्या ओढीने नाहीसा होतो. मग खांबांवर केवळ सरळ खाली येणारे वजन उरते. खोल पाण्यात चिखलातून उभ्या केलेल्या खांबाला बाजूचा रेटा सोसणे अवघड असते. म्हणूनच ही रचना येथे योग्य ठरली. १८५२ मध्ये चेप्स्टो येथील पुलावर ब्रुनेल यांनी या कल्पनेचा एक पूर्वप्रयोग केलेला होता.

पैशाची चणचण येथेही होतीच. खर्च वाचवण्यासाठी पुलावर एकेरी मार्ग ठेवण्यात आला. क्लिफ्टनच्या रखडलेल्या पुलासाठी बनवलेल्या साखळ्या विकत घेऊन त्या टेमरवर वापरण्यात आल्या. एका अपुऱ्या राहिलेल्या स्वप्नाचे लोखंड असे दुसऱ्या कामी आले.

पुलाची उभारणी

नदीच्या मध्यभागी एकच खांब उभारायचा होता, आणि साऱ्या पुलाची भिस्त त्याच्यावर होती. त्यासाठी सुमारे ११ मीटर व्यासाचा आणि २७ मीटर उंचीचा लोखंडी नळकांडा तयार करून १८५४ मध्ये नदीत सोडण्यात आला. तळाचा खडक उतरता असल्यामुळे नळकांड्याचे बूडही त्याच उताराचे ठेवलेले होते. आतील पाणी उपसून, दाबाखालील हवेत श्वास घेत मजुरांनी चिखल काढला आणि खडक उघडा केला. त्यावर ग्रॅनाइटचा भक्कम खांब रचण्यात आला. मूळ ठेकेदाराचे दिवाळे निघाल्यामुळे काम थांबण्याची वेळ आली, तेव्हा कंपनीच्या वतीने अभियंत्यांनी ते पुढे चालवले. १८५६ च्या अखेरीस मधला खांब तयार झाला.

दोन्ही मुख्य गाळे काठावर जुळवण्यात आले होते. प्रत्येक गाळा सुमारे १३९ मीटर लांब आणि हजार टनांहून अधिक वजनाचा होता. तो नदीच्या मध्यावर नेण्यासाठी भरतीच्या पाण्याचाच उपयोग करण्याचे ठरले. स्टीफन्सन यांनी वेल्समधील ब्रिटानिया पुलाच्या लोखंडी नळ्या अशाच तरंगत नेल्या होत्या, आणि ब्रुनेल मित्राच्या मदतीसाठी तेथे हजर राहिले होते. त्या अनुभवाचा त्यांना आता लाभ झाला.

१ सप्टेंबर १८५७ रोजी पहिला गाळा तराफ्यांवर उचलला गेला. नदीच्या दोन्ही तीरांवर हजारो लोक जमले होते. सर्वांनी पूर्ण शांतता पाळावी, अशी ब्रुनेल यांची सक्त सूचना होती. ते उंच मंचावर उभे राहून निशाणांच्या व आकड्यांच्या फलकांच्या खुणांनी आज्ञा देत होते. कोणीही ओरडले नाही, घाई केली नाही. दोर सैल झाले, ताणले गेले आणि गाळा हळूहळू वळत आपल्या जागी आला. सुमारे दोन तासांत काम पार पडले. त्यानंतर पाण्याच्या दाबावर चालणाऱ्या जॅकांनी गाळा एका वेळी सुमारे ०.९ मीटर उचलायचा, खाली खांबाचे बांधकाम करायचे आणि पुन्हा उचलायचा, असे कित्येक महिने चालले. १८५८ च्या जुलैमध्ये दुसरा गाळा नेण्याच्या वेळी ब्रुनेल हजर नव्हते. त्यांचे मुख्य साहाय्यक रॉबर्ट ब्रेरटन यांनी ती जबाबदारी यशस्वीपणे पार पाडली.

जहाजांचे स्वप्न आणि अखेरचे दिवस

ब्रुनेल यांच्या अनुपस्थितीचे एक मोठे कारण त्यांची जहाजे हे होते. १८३८ मध्ये त्यांचे ‘ग्रेट वेस्टर्न’ हे वाफेवर चालणारे जहाज अटलांटिक महासागर ओलांडून न्यूयॉर्कला पोहोचले होते. १८४३ मध्ये पाण्यात उतरलेले ‘ग्रेट ब्रिटन’ हे लोखंडी बांध्याचे आणि मळसूत्री पंख्यावर चालणारे जहाज होते. तिसरे जहाज ‘ग्रेट ईस्टर्न’ हे मात्र त्यांच्या शक्तीची कसोटी पाहणारे ठरले. त्याची लांबी २११ मीटर होती. वाटेत कोठेही कोळसा न भरता पूर्वेकडील दूरच्या देशांपर्यंत जाता यावे, हा त्यामागील हेतू होता. सॉल्टॅशचा गाळा शांतपणे जागेवर गेल्यानंतर दोनच महिन्यांनी हे जहाज पाण्यात लोटण्याचा प्रयत्न झाला. कंपनीने तिकिटे विकून हजारो बघे गोळा केले होते. गोंगाट, गोंधळ आणि अपघात यांमुळे तो प्रयत्न फसला. अखेर ३१ जानेवारी १८५८ रोजी जहाज पाण्यावर तरंगले, तोवर ब्रुनेल यांची प्रकृती पार खालावली होती. त्यांना मूत्रपिंडाचा विकार जडला होता.

वैद्यांच्या सल्ल्याने ते १८५८ च्या हिवाळ्यात इजिप्तला गेले. २ मे १८५९ रोजी राणी व्हिक्टोरियाचे पती प्रिन्स अल्बर्ट यांच्या हस्ते टेमरवरील पुलाचे उद्‌घाटन झाले आणि त्याला ‘रॉयल अल्बर्ट’ पूल असे नाव देण्यात आले. तो बांधणारा माणूस त्या समारंभाला येऊ शकला नाही. पुढे काही दिवसांनी त्यांना तेथे आणण्यात आले. उघड्या वाघिणीवर एक कोच ठेवलेला होता. त्यावर पडल्यापडल्याच त्यांनी डोक्यावरून सरकत जाणाऱ्या त्या प्रचंड नळ्या पाहिल्या. पूर्ण झालेल्या पुलाशी त्यांची झालेली भेट ती एवढीच.

५ सप्टेंबर १८५९ रोजी ‘ग्रेट ईस्टर्न’ जहाजावर असताना त्यांना पक्षाघाताचा झटका आला आणि १५ सप्टेंबर रोजी वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. पुलाच्या दोन्ही टोकांच्या प्रवेशकमानींवर त्यांचे नाव, अभियंता ही त्यांची ओळख आणि १८५९ हे वर्ष मोठ्या अक्षरांत बसवण्यात आले.

काही राहिले, काही गेले

ब्रुनेल यांच्या पश्चात त्यांच्या कामांच्या वाट्याला निरनिराळे भवितव्य आले. क्लिफ्टनचा झुलता पूल सहकारी अभियंत्यांनी त्यांच्या स्मरणार्थ १८६४ मध्ये पूर्ण केला. ब्रुनेल यांनीच लंडनमध्ये बांधलेला एक झुलता पूल त्या सुमारास पाडण्यात आला होता. त्याच्या साखळ्या क्लिफ्टनला वापरल्या गेल्या. ‘ग्रेट ईस्टर्न’ला प्रवासी मिळाले नाहीत. परंतु समुद्रतळाशी तारायंत्राच्या तारा टाकण्यासाठी तेवढे मोठे दुसरे जहाज नव्हते. १८६६ मध्ये त्याने अटलांटिकमध्ये तार टाकली आणि १८७० मध्ये मुंबई ते एडन ही तारही त्याच जहाजाने टाकली. अशा रीतीने ब्रुनेल यांचे एक स्वप्न मुंबईच्या किनाऱ्यालाही लागले. पुढे ते जहाज मोडीत निघाले. ‘ग्रेट ब्रिटन’ दक्षिण अटलांटिकमधील फॉकलंड बेटांजवळ १९३७ पासून गंजत पडले होते. ते १९७० मध्ये ब्रिस्टलला परत आणून जतन करण्यात आले.

पुलांचेही तसेच झाले. कॉर्नवॉलच्या दऱ्यांवर ब्रुनेल यांनी स्वस्तात बांधलेले लाकडी पूल एकामागून एक बदलण्यात आले. चेप्स्टो येथील त्यांचे लोखंडी गाळे १९६२ मध्ये काढून टाकण्यात आले. स्टीफन्सन यांच्या ब्रिटानिया पुलाच्या नळ्या १९७० मधील आगीने निकामी झाल्या. टेमरवरील पूल मात्र उभा राहिला. तो केवळ भक्कम होता म्हणून टिकला, असे म्हणता येणार नाही. चेप्स्टोचे गाळेही शंभर वर्षांहून अधिक काळ उभे होते.

पुलाचे जतन

लोखंडाचा सर्वांत मोठा शत्रू म्हणजे गंज. खाऱ्या वाऱ्यात सांध्यांच्या फटींत पाणी साचते आणि रंगाच्या थराखाली लोखंड झिजू लागते. दुसरी अडचण वाढत्या भाराची. १८५९ मधील इंजिनांपेक्षा पुढील काळातील इंजिने फार जड होती. एखादा पूल वस्तुसंग्रहालयात ठेवायचा असेल तर त्याच्यावरील भार कमी करता येतो. पण रॉयल अल्बर्ट पूल हा लंडनकडून कॉर्नवॉलकडे जाणाऱ्या मुख्य मार्गावर असल्यामुळे त्याचे काम थांबवणे शक्य नव्हते. वापरही चालू ठेवायचा आणि मूळ रूपही राखायचे, असा हा दुहेरी प्रश्न होता.

त्याचे उत्तर पिढ्यान्‌पिढ्या थोडे थोडे शोधले गेले. १९०५ मध्ये लोहमार्गाखालील आडव्या तुळया बदलण्यात आल्या. १९२८ व १९२९ मध्ये काठांकडील लहान गाळ्यांच्या जुन्या तुळया काढून तेथे पोलादी तुळया बसवण्यात आल्या. १९३० च्या दशकात मुख्य गाळ्यांच्या उभ्या दांड्यांमध्ये आणखी तिरपे आधार जोडले गेले. पण दुरुस्तीचेही वजन असते. या नव्या आधारांच्या भाराने जुन्या साखळ्यांवरील ताण वाढला. म्हणून १९६९ मध्ये आणखी मजबुतीकरण करावे लागले. जुन्या वास्तूला बळकटी देताना तिच्या मूळ रचनेतील समतोल बिघडू नये, ही दक्षता किती आवश्यक असते, ते यावरून दिसून येते. मात्र या सर्व बदलांत ब्रुनेल यांच्या वाकलेल्या नळ्या व साखळ्या कायम ठेवण्यात आल्या.

१९५२ मध्ये इंग्लंडमधील संरक्षित वास्तूंच्या यादीत या पुलाला सर्वोच्च श्रेणी देण्यात आली. त्यामुळे त्याच्या स्वरूपात मनमानी बदल करण्यास कायद्याने प्रतिबंध झाला. १९६१ मध्ये मोटारींसाठी शेजारीच नवा झुलता पूल तयार झाला. दोन्ही पूल आज शेजारी शेजारी उभे आहेत. २०११ मध्ये रॉयल अल्बर्ट पुलाच्या मोठ्या दुरुस्तीचे काम सुरू झाले आणि ते सुमारे तीन वर्षे चालले. रंगाचे कित्येक जुने थर खरवडून काढण्यात आले. झिजलेले भाग शोधून तेथे सुमारे १०० टन नवे पोलाद घालण्यात आले आणि हजारो बोल्ट बदलण्यात आले. शेवटी पुलाला त्याचा परिचित करडा रंग पुन्हा देण्यात आला. गाड्या आजही या पुलावरून एकेरी मार्गाने सावकाश जातात.

देखभालीच्या सोयीनेच एकदा पुलाचे एक वैशिष्ट्य झाकून टाकले होते. १९२१ मध्ये दुरुस्तीसाठी चढउतार करता यावी म्हणून प्रवेशकमानींवर मचाणे बसवण्यात आली आणि त्यांच्या आड ब्रुनेल यांचे नाव दिसेनासे झाले. पूल रोज वापरला जात होता, त्याची निगाही राखली जात होती, पण तो कोणी बांधला हे वाचता येत नव्हते. २००६ मध्ये ब्रुनेल यांच्या जन्माला दोनशे वर्षे पूर्ण झाली. त्या निमित्ताने ती मचाणे हलवण्यात आली आणि पंच्याऐंशी वर्षांनी ती अक्षरे पुन्हा उघडी झाली.

ब्रुनेल यांनी आपल्या आयुष्यात भव्यतेचा ध्यास घेतला आणि त्यासाठी यशाबरोबर अपयशही पदरी घेतले. त्यांचे रुंद रूळ गेले, हवेची गाडी गेली, सर्वांत मोठे जहाजही गेले. टेमरवरील पूल राहिला, याचे श्रेय त्यांच्या बुद्धीला आहे. तितकेच ते नदीच्या तळाशी चिखल उपसणाऱ्या मजुरांना, दुसरा गाळा जागेवर नेणाऱ्या साहाय्यकाला आणि पुढील दीडशे वर्षांत त्या लोखंडाचा गंज काढून त्याला रंग देणाऱ्या असंख्य कामगारांना आहे. पुलावर नाव एकाचेच आहे. तो टिकवण्याचे काम मात्र प्रत्येक पिढीला नव्याने करावे लागले आहे, आणि यापुढेही करावे लागणार आहे.